एक जीव काढून पाहा

ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर वरच्या पट्ट्यात एक जीव, खालच्या पट्ट्यात दुसरा, हे किनाऱ्यावरच्या माणसाला पिढ्यान् पिढ्या दिसत आलं आहे. असं का, हे मात्र नुसतं बघून कळेना. एखादा जीव मुद्दाम काढून टाकायचा आणि मग काय होतं ते पाहायचं, ही युक्ती त्यातूनच रुजली.

जीवशास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांनी 1950च्या दशकात स्कॉटलंडच्या मिलपोर्टला बार्नेकलच्या, म्हणजे खडकाला घट्ट चिकटून राहणाऱ्या कवचधारी जिवांच्या, दोन जाती निवडल्या. वरच्या पट्ट्यातल्या लहान जातीची पिल्लं खालीही येऊन चिकटत, पण जगत नसत. कॉनेलनी खडकाच्या काही भागांतून मोठी जात वेचून काढली. तिथे लहान जात खालीही छान टिकली. जिथे मोठी तशीच ठेवली होती, तिथे ती वाढता वाढता लहानीला चिरडत होती, खडकावरून उचकटून टाकत होती. हा अभ्यास 1961 साली छापून आला.

पुढचं पाऊल जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांचं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, मका आदिवासींच्या किनाऱ्यावर, जून 1963पासून ते एका पट्ट्यातले तारामासे हाताने किंवा पहारीने उचकटून खोल पाण्यात भिरकावत राहिले. पट्टा जेमतेम आठ मीटर लांब, दोन मीटर उंच. तारामासा हा तिथला मोठा शिकारी. गोव्यातल्या शिणाण्यांच्या कुळातले शिंपले त्याचं खाद्य. तो गेल्यावर सप्टेंबरपर्यंत बार्नेकलनी बहुतेक जागा व्यापली. वर्षभरात शिंपल्यांनी त्यांनाही हटवायला सुरुवात केली. शेवाळांना बूड टेकायला जागा उरेना, शंखगोगलगायीही घटल्या. पंधरा जातींच्या आठ झाल्या. शिकारी गेला की भक्ष्यांची चंगळ होईल हा आपला सरळ हिशोब. इथे ती एकट्या शिंपल्यांची झाली, बाकीच्यांच्या पायाखालचा खडकच गेला.

पेन यांचा निबंध 1966चा. ज्याच्या एकट्याच्या जाण्याने सगळी वस्ती बदलते अशा जिवाला त्यांनी 1969 साली ‘कीस्टोन’ (कमान तोलून धरणारा दगड) जाती म्हटलं, आणि हे नाव पुढे जंगलांच्या अभ्यासातही गेलं. मला मात्र या कुळकथेत पहारीइतकाच मोलाचा वाटतो तो शेजारचा पट्टा, ज्याला पेन यांनी हात लावला नाही. तिथे पंधराच्या पंधरा जाती नांदत होत्या. तुलनेला तो नसता, तर घट तारामासे काढल्यामुळेच झाली हे ठामपणे म्हणता आलं नसतं.