दुबईत नोकरी, मत बेलापुरात: एनआरआयना मतदान करता येतं का?

सीवूड्सचं 'एनआरआय कॉम्प्लेक्स' नवी मुंबईत सगळ्यांना माहीत आहे. सिडकोने अनिवासी भारतीयांसाठी बांधलेली ही वसाहत. पण एनआरआयना मतदान करता येतं का, असं व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारून बघा. 'हो' आणि 'नाही' दोन्ही उत्तरं येतात, तीही तितक्याच ठामपणे.

उत्तर पासपोर्टवर ठरतं. पासपोर्ट भारतीय असेल तर हक्क आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० मध्ये २०१० साली दुरुस्ती झाली. २०११ पासून नोकरी किंवा शिक्षणासाठी परदेशात असलेल्या भारतीय नागरिकाला पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येतं. पत्ता सीवूड्सचा असेल तर विधानसभेला बेलापूर, लोकसभेला ठाणे. त्यासाठी फॉर्म '६ए' भरायचा (साधा '६' नव्हे, इथे बरेच जण चुकतात). वेगळं मतदार ओळखपत्र मिळत नाही, जुनं असेल तर तेही परत द्यावं लागतं. मतदान केंद्रावर मूळ पासपोर्ट दाखवायचा.

आणि खरी गोम इथेच आहे: केंद्रावर स्वतः हजर राहावं लागतं. एका मतासाठी दुबईहून विमानाचं तिकीट कोण काढणार? २०२४च्या लोकसभेला देशभरात १,१९,३७४ परदेशस्थ मतदारांची नोंद होती. मतदान केलं फक्त २,९५८ जणांनी, आणि त्यातले २,६७० एकट्या केरळचे.

सैनिकांना टपाली मतपत्रिका ऑनलाइन पाठवली जाते. एनआरआयना ती सोय अजून नाही. त्यांच्या वतीने दुसऱ्याने मत देण्याचं, म्हणजे प्रॉक्सी मतदानाचं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर बाद झालं. २०२० मध्ये निवडणूक आयोगाने टपाली मतदानाचा प्रस्ताव दिला. पुढे सगळं थंडच.

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या काकांचं काय? परदेशी नागरिकत्व स्वीकारलं की भारतीय नागरिकत्व जातं आणि मतही. ओसीआय कार्डाच्या नावात 'सिटीझन' असलं तरी त्यावर मतदान होत नाही. ते नाव फसवंच आहे.

इथे राहणाऱ्या परदेशी नागरिकांनाही मत नाही. नेपाळी नागरिक १९५०च्या करारामुळे व्हिसाशिवाय इथे राहून काम करू शकतात, पण राज्यघटनेच्या कलम ३२६ नुसार मतदार भारतीय नागरिकच हवा. आधार कार्ड असलं तरी उपयोग नाही, कारण आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. अर्जात खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

गंमत म्हणजे, नेरूळहून लंडनला शिकायला गेलेली मुलगी भारतीय पासपोर्टवरच, तिथे नावनोंदणी करून, थेट ब्रिटनच्या संसदेसाठी मत देऊ शकते. भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे वैध व्हिसावर तिथे राहणाऱ्या भारतीयांना हा हक्क मिळतो. उलट वाशीत राहणाऱ्या ब्रिटिश नागरिकाला मात्र इथे महापालिकेचंही मत नाही.