उपकारस्तुतीची वाटचाल

छत्रपती संभाजीनगरच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची वाटचाल १८६०च्या सुमारास सुरू झाली. शहर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. चर्च मिशनरी सोसायटीचे काम मालेगावच्या देशी सेवकांच्या मदतीने इथे रुजले. त्याला आकार दिला रेव्ह. रतनजी नौरोजी यांनी. पारशी घराण्यात जन्मलेल्या या पाळकाने आयुष्याची कित्येक वर्षे याच मुलखाला दिली.

छावणीत १८७९ मध्ये होली ट्रिनिटी चर्चचे समर्पण झाले, ते इंग्रजी उपासनेसाठी. मराठी मंडळी वाढली ती मात्र खेड्यापाड्यांत. तिच्यात बहुतेक महार आणि मांग समाजातली माणसे होती. बाप्तिस्मा घेतला म्हणून पाणवठा मोकळा झाला नाही की मजुरी वाढली नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात तर मराठवाड्यात गुरे मेली, गावे ओस पडली. त्या दिवसांत देवाचे उपकार मानायचे ते कशाबद्दल, हा प्रश्न पाळकापुढे नुसता धर्मशास्त्राचा नव्हता. तरीही या मंडळीने उपकारस्तुती सोडली नाही, ही तिच्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट होय.

पुढे रेव्ह. नारायण वामन टिळक यांच्या गीतांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला आपल्या मातीचा सूर दिला आणि टाळ-मृदंग भजनात आले. सुगीनंतर उपकारस्तुतीचा सण होतो, त्याला हाच सूर शोभतो. बायका पदराखाली पायलीभर ज्वारी आणतात, कोणी बाजरीची कणसे आणतो, कोणी कोंबडी, कोणी चार अंडी. सारे वेदीपुढे मांडले जाते. पाळक प्रार्थना करतात तेव्हा वर्षभराच्या साक्षी त्यांच्या ओठांवर असतात: तापातून उठलेले लेकरू, वेळेवर आलेला पाऊस, फिटलेली उसनवारी, दहावी पास झालेली मुलगी. उपासना संपली की अंगणात लिलाव होतो. भोपळ्याला त्याच्या मोलाच्या कितीतरी पट बोली लागते, आणि घेणारा तोच भोपळा पुन्हा दान करतो. पैसा मंडळीच्या कामाला जातो. हा हिशेब सांभाळणारे खजिनदार, ओट्यावर चहा ठेवणाऱ्या महिला आणि गावोगाव फिरणारे सेवक यांची नावे कुठल्या शिलालेखावर नाहीत. पण मंडळी उभी आहे ती त्यांच्याच खांद्यांवर.

१९२९ मध्ये अँग्लिकन चर्चचा नाशिक धर्मप्रांत स्थापन झाला. १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले आणि अँग्लिकन परंपरेतली ही मंडळीही त्यात सामील झाली. लगेच १९७२ चा दुष्काळ आला. पुन्हा खडी फोडायची कामे, पुन्हा सुकडीच्या रांगा आणि तशातही रविवारची उपासना.

१९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ इतर उद्योग वाढले आणि खेड्यांतली तरुण मुले कामगार म्हणून शहरात आली. दानाचे रूप तेव्हापासून बदलले. पहिल्या पगाराचे पाकीट आता ज्वारीशेजारी ठेवले जाते आणि पाळक दोन्हींवर एकच प्रार्थना म्हणतात. रात्रपाळी करून थेट उपासनेला आलेला मुलगा मागच्या बाकावर डुलक्या घेत असतो. त्याला कोणी उठवत नाही. आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा स्वतंत्र मराठवाडा धर्मप्रांत आहे. खेड्यातल्या मंडळ्यांमधून सुगीच्या दिवसांत पाळकाला अजूनही आधी हेच विचारतात: यंदा उपकारस्तुतीचा सण कोणत्या रविवारी धरायचा?