सोयाबीनवरील मावा

सोयाबीनवरील मावा (एफिस ग्लायसिन्स) ही पूर्व आशियातील रसशोषक कीड. उत्तर अमेरिकेत ती २००० च्या जुलैमध्ये विस्कॉन्सिन राज्यात प्रथम सापडली. कोणत्या वाटेने आली याबद्दल एकमत नाही. पसरायला मात्र तिला वेळ लागला नाही. चार वर्षांत वीसहून अधिक राज्ये आणि कॅनडाचे काही प्रांत तिने व्यापले.

जीवनक्रम : हिवाळ्यात अंडी बकथॉर्न या झुडपाच्या कळ्यांपाशी असतात. हे झुडूपही युरोपातून आलेले. उन्हाळ्यात माद्या सोयाबीनवर उतरतात आणि नराविना थेट पिल्लांना जन्म देतात. पोषक हवेत दोन-तीन दिवसांत संख्या दुप्पट होते.

ओळख : कोवळा शेंडा उलटून पाहिला की लिंबासारखे पिवळसर, जेमतेम दीड मिलिमीटरचे किडे दाटीने बसलेले दिसतात. पाठीच्या टोकाशी दोन काळ्या नळ्या असतात. खालच्या पानांवर टाकलेल्या पांढऱ्या काती, चिकटा आणि त्यावर वाढलेली काळी बुरशी असते.

फवारणीचा निर्णय : व्यवस्थापनाचा सगळा भार मोजणीवर आहे. झाडामागे सरासरी २५० मावा, ८० टक्क्यांहून अधिक झाडांवर प्रादुर्भाव आणि संख्या वाढती, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच फवारावे. सहा राज्यांतील चाचण्यांवरून ठरलेला हा निकष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. फवारणीचा खर्च आणि पिकाचा तोटा सुमारे ६७४ माव्यांवर समान होतात. म्हणजे २५० ला नुकसान सुरू झालेले नसते आणि तयारीला साधारण आठवडा मिळतो. ही सवड शेतकऱ्यासाठी फार मोलाची आहे. न मोजता, तणनाशकाबरोबरच कीटकनाशक मारून टाकले, तर पैसा जातोच, शिवाय माव्यावर जगणारे ढालकिडे आणि ओरियस हे चिमुकले भक्षक ढेकूण मरतात. मग उरलेला मावा निर्धास्त वाढतो. शेंगांत दाणे पूर्ण भरल्यावर फवारणीचा लाभ सहसा मिळत नाही.

कीटकनाशक-प्रतिकार : २०१५ पासून मिनेसोटात पायरेथ्रॉइड गटातील औषधे काही शेतांत निष्प्रभ ठरू लागली.

महाराष्ट्र : येथील सोयाबीनवर मुख्य उपद्रव या माव्याचा नसून चक्रीभुंगा, खोडमाशी आणि पाने खाणाऱ्या अळ्यांचा आहे.

प्रतिकारक वाण : रॅग-१ जनुक असलेल्या वाणांवर मावा कमी वाढतो. त्यालाही न जुमानणारा मावा ओहायोत आढळला; म्हणून रॅग-१ आणि रॅग-२ एकाच वाणात आणले गेले.