पारदर्शक प्रतिमांचे संक्षेपण

पारदर्शक प्रतिमांचे संक्षेपण म्हणजे प्रतिमेची पारदर्शकता कायम राखून तिच्या फाइलचा आकार कमी करणे होय. फाइल लहान असल्यास संकेतस्थळाचे पान लवकर उघडते व वाचकाचा डेटा कमी खर्च होतो.

उपयोग

विकिपीडियावरील गावांच्या लेखांत नकाशा आणि गावाचे स्थान दर्शवणारा ठिपका या स्वतंत्र प्रतिमा असू शकतात. बुलढाणा जिल्ह्यातील सुलतानपूर महाराष्ट्राच्या नकाशावर असे दाखवताना ठिपक्याची पार्श्वभूमी पारदर्शक नसेल, तर त्याभोवतीच्या चौकोनाखाली नकाशाचा भाग झाकला जातो. पारदर्शकतेमुळे एकच नकाशा अनेक गावांसाठी वापरता येतो.

स्वरूप

सर्वसाधारण पारदर्शक प्रतिमेत प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा व निळा या रंगांचे तीन बाइट आणि पारदर्शकतेचा एक बाइट असतो. या चौथ्या घटकास 'अल्फा' म्हणतात. त्याचे मूल्य ० (पूर्ण पारदर्शक) ते २५५ (पूर्ण अपारदर्शक) असते. त्यामुळे १००० × १००० पिक्सेलची प्रतिमा संक्षेपणापूर्वी ४० लाख बाइट व्यापते. नेहमीच्या जेपीईजी प्रकारात अल्फा नसल्याने रूपांतर करताच पारदर्शकता नष्ट होते. जीआयएफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक किंवा पूर्ण अपारदर्शक असतो. परिणामी देवनागरी अक्षरांची वळणे दातेरी दिसतात.

इतिहास

जीआयएफमध्ये वापरलेल्या एलझेडडब्ल्यू पद्धतीवर युनिसिस कंपनीचे पेटंट होते. त्यावरील वादातून १९९५ मध्ये पीएनजी हा मुक्त पर्याय आकारास आला व १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने त्याची शिफारस केली. गुगलने २०१० मध्ये वेबपी जाहीर केले. त्यात अल्फाची सोय नंतर आली.

पद्धती

१. मोजमाप घटवणे : लांबी व रुंदी निम्मी केल्यास पिक्सेलची संख्या एकचतुर्थांश होते.
२. रंग मर्यादित करणे : पीएनजीमध्ये २५६ रंगांची सारणी वापरता येते व सारणीतील प्रत्येक रंगास स्वतंत्र अल्फा देता येतो. वरील प्रतिमा मग संक्षेपणापूर्वी सुमारे १० लाख बाइटची होते. 'पीएनजीक्वांट' हे साधन असे काम करते.
३. हानिरहित संक्षेपण : 'ऑप्टिपीएनजी' पिक्सेल न बदलता तीच माहिती अधिक आटोपशीर रीतीने साठवते.
४. प्रकार बदलणे : छायाचित्रासारख्या पारदर्शक प्रतिमांसाठी वेबपी, तर बोधचिन्हे व साध्या आकृत्यांसाठी एसव्हीजी सोयीचे ठरते.

मर्यादा

रंग घटवल्यास सावल्यांच्या जागी पट्टे उमटू शकतात आणि गमावलेले रंग परत मिळत नाहीत. म्हणून मूळ फाइल जपून ठेवणे आवश्यक असते. कडांवर राहिलेली पांढरी किनार फिकट पार्श्वभूमीवर लक्षात येत नाही. त्यामुळे प्रतिमा गडद पार्श्वभूमीवरही तपासली जाते.