बरो म्हणजे काय?

इंग्लंडच्या इतिहासाचे पुस्तक उघडले की मुलास पाचदहा पानांतच ‘बरो’ हा शब्द भेटतो. पुस्तकात त्याचा अर्थ ‘सनद मिळालेले शहर’ एवढाच दिलेला असतो, आणि तेवढ्याने मुलाच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. सोलापूरच्या मुलास तर असा कोरडा अर्थ देण्याचे मुळीच कारण नाही. मुंबई इलाख्यातील १९२५ च्या कायद्यान्वये त्याच्या स्वतःच्या गावची नगरपालिकाच ‘बरो म्युनिसिपालिटी’ झाली होती. त्याच्या पणजोबांच्या काळी हा शब्द गावच्या कारभारात रुळलेला होता. तेव्हा इंग्लंडचा बरो समजून घेण्यास त्याने आगबोटीने जाण्याची गरज नाही. आपल्या पेठेतून निघून किल्ल्यापर्यंत चालत गेले तरी निम्मे काम होते.

बरो या शब्दाचा मूळ अर्थ तटबंदीचे ठिकाण असा आहे. नवव्या शतकात डेन लोकांच्या स्वाऱ्यांनी इंग्लंड त्रस्त झाले असता आल्फ्रेड राजाने ठिकठिकाणी अशी ठाणी उभारली. तटाच्या आश्रयाने बाजार भरू लागला, कारागीर राहू लागले, आणि पुढे त्या वस्तीने राजाकडून बाजार भरविण्याचा, जकात घेण्याचा व आपले तंटे आपण तोडण्याचा अधिकार लेखी मिळविला. तीच सनद. आता सोलापूर पाहावे. मध्ये भुईकोट किल्ला, शेजारी सिद्धेश्वराचा तलाव, आणि बाहेर एकीला एक लागून वसलेल्या पेठा. कोणी वाराच्या नावाची, कोणी मालाच्या नावाची, कोणी भवानी पेठेसारखी देवीच्या नावाची. मराठी अमलात नवी पेठ वसवावयाची झाल्यास सरकारातून कौल दिला जाई, काही वर्षे कर माफ होई, आणि पेठेची व्यवस्था शेटे-महाजनांकडे राही. इंग्रजी सनद आणि मराठी कौल यांत साम्य एवढे ठळक आहे की ते दाखविल्यावर मुलास दोन्ही एकदम समजतात. भेद एकच, पण मोठा. तिकडील सनद साऱ्या नगराच्या मंडळास मिळे व पिढ्यान्‌पिढ्या टिके. इकडील कौल पेठेपुरता असे, आणि राज्य पालटले की त्याचे बळ सरे.

तथापि इंग्लंडातील बरो म्हणजे रामराज्य होते असे मुलांस सांगू नये. अठराव्या शतकापर्यंत पुष्कळ बरोंचा कारभार मूठभर घराण्यांच्या हाती गेला होता. सभासदच नवे सभासद निवडीत, आणि रस्त्यावरील चिखल व अंधार होता तसाच राही. १८३५ च्या कायद्याने ही जुनी मंडळे मोडून १७८ बरोंत करदात्यांनी निवडलेली मंडळे आली. १८९४ मध्ये उरलेल्या मुलखाचे नागरी व ग्रामीण असे जिल्हे पाडण्यात आले. तिकडील हा ‘जिल्हा’ आपल्या कलेक्टरच्या जिल्ह्याएवढा नसून फार तर तालुक्याच्या जातीचा असतो, हे मुलांस अवश्य सांगावे. नाही तर सारा घोटाळा होतो. त्याच कायद्याने स्त्रियांस, विवाहित असल्या तरीही, या मंडळांवर निवडून येण्याची मोकळीक मिळाली. १९७४ मध्ये ही सारी रचना पुन्हा मोडून नवे, मोठे जिल्हे करण्यात आले, आणि बरो हे नाव त्यांपैकी काहींकडे मानाचे म्हणून राहिले.

सोलापुरात नगरपालिका स्थापन झाली ती १ ऑगस्ट १८५२ रोजी, १८५० च्या कायद्याच्या आधारे. तेव्हा आगगाडी आलेली नव्हती. कारभार सरकारी अधिकाऱ्यांच्या तंत्राने चाले व सभासद सरकारने नेमलेले असत. १८६० च्या सुमारास लोहमार्ग आला, पुढच्या दशकात जुनी गिरणी निघाली, आणि तेलंगणातून पद्मशाली विणकर येऊन गावाचे रूप पालटले. भवानी पेठ व तिच्या आसपासच्या वस्त्यांत पहाटेपासून मागांचा खटखटाट सुरू होई. लोकवस्ती वाढली तशी पाण्याची निकड भासू लागली. शहराच्या ईशान्येस अडीच कोसांवर आदिला नदीस बांध घालून केलेला एकरुक तलाव, ज्यास लोक हिप्परग्याचा तलाव म्हणतात, १८७१ मध्ये पुरा झाला. मूळ उद्देश शेतीचा, पण पुढे त्याचेच पाणी शहरात आले. मुलांस नगरपालिका शिकवावयाची तर कलमे पाठ करवून घेण्यापेक्षा त्यांस एकदा या तलावाच्या बांधावर न्यावे.

१८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला व १८८४ च्या कायद्याने निदान निम्मे सभासद लोकांनी निवडावे असे ठरले. लोक म्हणजे कोण? येथे मुलांनी थांबून विचार करावा. इंग्लंडातील बरोचा खर्च मुख्यतः घरादारावरील पट्टीतून चाले, आणि जो पट्टी भरी त्यास मत असे. आपल्याकडील नगरपालिकांचा मोठा आधार जकात हा होता. धान्य, सरपण, तेल, सूत, जे जे नाक्यातून आत येई त्यावर जकात बसे. म्हणजे कोष्ट्याच्या घरातील तान्ह्या पोरासही ती आपल्या घासातून द्यावी लागे. मत मात्र मालमत्ता व प्रत्यक्ष कर यांवर अवलंबून होते. गाव ज्यांच्या मागांवर चाले त्यांपैकी बहुतेकांस स्वातंत्र्यापूर्वी नगरपालिकेच्या निवडणुकीत मत नव्हते. तिकडून नाव आणले, समित्या आणल्या, अध्यक्षाची खुर्ची आणली. पण कर देणारा तोच मतदार, हा त्या रचनेतील जो गाभा, तोच वाटेत गळाला. या गोष्टीचा उल्लेख शाळेच्या पुस्तकांत क्वचितच सापडतो.

असे असूनही या अपुऱ्या संस्थेचा उपयोग लोकांनी फार धैर्याने केला. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे आल्या, आणि सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू अशा चार भाषांतून पालिकेच्या शाळा चालू लागल्या. इंग्लंडातील किती बरोंना असे चार भाषांचे बिऱ्हाड सांभाळावे लागले असेल? आणि ६ एप्रिल १९३० रोजी, गांधीजींनी दांडीस मीठ उचलले त्याच दिवशी, सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर अण्णासाहेब भोपटकर यांच्या हस्ते राष्ट्रीय निशाण चढले. साहेबाच्या कायद्याने निर्माण झालेल्या कचेरीवर साहेबास नको असलेले निशाण! पुढे ८ मे रोजी गोळीबार झाला, सरकारचा अंमल काही दिवस शहरातून उठल्यासारखा झाला, आणि १२ मेपासून लष्करी कायदा जारी झाला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मतदान आले, आणि मागावर बसणाऱ्यासही मत मिळाले. १ मे १९६४ रोजी महानगरपालिका स्थापन होऊन बरो हे नाव मागे पडले. तिची कचेरी वारदांच्या इंद्रभुवन या वाड्यात आली. गोपुरासारखे कोरीव काम असलेली ही वास्तू मुलांस आवडते, आणि आवडावी. जकातही पुढे रद्द झाली. पाणी आता भीमेवरील उजनी धरणातून शंभराहून अधिक किलोमीटर नळाने येते, तरी अनेक वर्षे ते घरोघरी रोज मिळत नाही. पाणी कोणत्या दिवशी येणार हे भवानी पेठेतील मुलास ठाऊक असते. ते ठरविते कोण, हे मात्र त्यास विचारून पाहावे. आपल्या प्रभागातून निवडलेल्या सभासदाकडे जाऊन जाब मागता येतो, असे उत्तर त्यास शिकवावयाचे असते. परंतु मार्च २०२२ मध्ये सभासदांची मुदत संपली, कारभार प्रशासकाकडे गेला, आणि २०२२, २०२३ व २०२४ ही तिन्ही वर्षे निवडणुकीवाचून गेली. त्या वर्षांत जे मूल चौथीतून सातवीत गेले, त्याने नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नगरसेवक वाचला. पेठेत त्यास तो भेटला नाही.