विषारी मातीत रुजलेले गवत

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वान्सी नावाचे शहर आहे. दगडी कोळसा हाताशी असल्याने १७१७ मध्ये तेथे तांबे गाळण्याचा मोठा कारखाना निघाला आणि एकोणिसाव्या शतकात स्वान्सी तांबेनगरी म्हणून जगभर गाजली. भट्ट्यांच्या गंधकयुक्त धुराने आसपासची झाडे आणि गवत जळाले. मुळांचा आधार गेल्यावर पावसाने माती धुऊन नेली. १८३३ मध्ये शेतकऱ्यांनी धुराविरुद्ध कोर्टात धाव घेतली, पण ते हरले. पुढे धंदा बसला, भट्ट्या विझल्या. मागे उरले ते तांबे, जस्त, शिसे मिसळलेल्या धातुमळीचे उजाड ढिगारे.

१९६१ मध्ये तेथील विद्यापीठ आणि नगरपालिका यांच्या सहभागाने ही दरी सावरण्याचा प्रकल्प सुरू झाला. अडचण अशी, की नेहमीचे बी पेरले, तर या ढिगाऱ्यांवर त्याची मुळेच वाढत नसत.

या अडचणीवरचा उपाय एका जुन्या खाणीत सापडला होता. वेल्समधीलच गोगिनान येथे शिशाच्या खाणीच्या मातीवर गवत उगवलेले होते. टोनी ब्रॅडशॉ या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास १९५२ मध्ये प्रसिद्ध केला. शेजारच्या कुरणातही त्याच जातीचे गवत होते. पण ते खाणीच्या मातीत लावले की मरे. खाणीतले मात्र तग धरी. हजारो रोपांमधली विष सोसणारी मोजकी रोपे टिकली आणि त्यांचीच संतती वाढली. निसर्गाने केलेली ही निवड पुढे माणसाच्या उपयोगी पडली. अशा गवतांचे बियाणे तयार झाले. त्यातल्या एका वाणाचे नावच ‘गोगिनान’!

मात्र एक गोष्ट आपण नीट समजून घेतली पाहिजे. हे गवत माती धरून ठेवते, विषारी धूळ उडू देत नाही. पण विष नाहीसे करत नाही. धातू शोषून घेणाऱ्या वनस्पतीही आहेत. न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या एका झाडाचा चीक निकेलमुळे चक्क निळा-हिरवा असतो, हे १९७६ मध्ये जगापुढे आले. परंतु अशी पिके काढून जमीन स्वच्छ करायला अनेक वर्षे जातात आणि कापलेल्या पिकाचीही सुरक्षित विल्हेवाट लावावी लागते.

स्वान्सीत शाळकरी मुलांच्या हातांनीही झाडे लावली गेली. आज ती दरी हिरवी दिसते. पण त्यासाठी १९६१ पासून कित्येक वर्षे खपावे लागले. १८३३ मध्ये त्या शेतकऱ्यांचे म्हणणे कोणी ऐकले असते, तर?