पटावरचा घोडा चंदी मागत नाही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवार होता. माझा भाचा कळव्याला आमच्या घरी आला होता. पोरगा कॉलेजात शिकतो. बाहेर मुसळधार पाऊस आणि गाड्या बंद, म्हणून तो लॅपटॉप उघडून लढाईचा खेळ खेळत बसला. मी शेजारी पेपर वाचत होतो. मध्येच त्यानं विचारलं, "मामू, शत्रू चालून येतोय. माझाच मुलूख जाळू का?"

मी दचकलोच. पेपर बाजूला ठेवून म्हटलं, बाबा रे, आधी मला हा खेळ तरी समजावून सांग.

आम्हाला माहीत असलेला लढाईचा खेळ म्हणजे बुद्धिबळ. तो याच देशात जन्मला. हत्ती, घोडे, उंट, प्यादी असं सगळं सैन्य त्यात आहे. पण त्या सैन्याला भूक लागत नाही. पटावरचा घोडा अडीच घरं उड्या मारतो, पण चंदी मागत नाही. प्याद्याचा पगार थकत नाही. उंटाला वैरण लागत नाही. डाव तीन तास चालो की तीन दिवस, सैन्य पहिल्या चालीला होतं तितकंच ताजं असतं.

संगणकावरच्या खेळांनी ही उणीव भरून काढायचा प्रयत्न केला आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पोरं सायबर कॅफेत जाऊन 'एज ऑफ एम्पायर्स' खेळायची, ते अनेकांना आठवत असेल. त्याच्या १९९९ साली आलेल्या दुसऱ्या भागात साधा शिपाई उभा करायला साठ धान्य आणि वीस सोनं लागायचं. धान्य शेतातून येई, आणि शेतात राबायला गावकरी लागत. गावकरी मारले गेले तर नवं सैन्य उभं राहत नसे. मात्र एकदा शिपाई तयार झाला की त्याला पुन्हा जेवायला लागत नसे. आयुष्यभराचं जेवण तो जन्मतानाच जेवून येई!

भाचा खेळत होता तो 'युरोपा युनिव्हर्सालिस' हा २०१३ साली आलेला खेळ. त्यात हिशेब अधिक कडक आहे. प्रत्येक मुलूख किती सैन्य पोसू शकेल याची मर्यादा ठरलेली. तिच्या वर सैन्य नेलं की लढाई न होताच दर महिन्याला माणसं गळू लागतात. तिजोरी रिकामी झाली की कर्ज, कर्जावर व्याज, आणि दिवाळं निघालं की सैन्याचं मनोबल कोसळतं. शत्रू आत शिरलाच तर त्याला दाणागोटा मिळू नये म्हणून स्वतःचा मुलूख जाळायची सोयही त्यात आहे. त्याचा दंड असा की त्या मुलखाचं उत्पन्न पुढं बराच काळ घटतं. भाच्याचा प्रश्न याबद्दलचा होता.

मी त्याला म्हटलं, हा डाव आपल्याकडे खरोखर खेळला गेला आहे. एकदा आपण उपाशी राहून हरलो आणि अठरा वर्षांनी दुसऱ्याला उपाशी मारायचा घाट घालून जिंकलो. आणि दोन्ही वेळची काही माणसं तीच होती.

पहिला डाव पानिपतचा. १७६०च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, पण दिल्लीत पैसा नव्हता. शेवटी लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागली. बादशहाच्या छताखाली बसायची ज्यांना संधी मिळाली, त्यांना ते छत वितळवून शिपायांचे पगार भागवावे लागले! १७ ऑक्टोबरला मराठ्यांनी कुंजपुरा जिंकला. तिथं अब्दालीसाठी साठवलेलं धान्य हाती लागलं, चार दिवस बरे गेले. मग अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठ्यांच्या व दिल्लीच्या मध्ये येऊन बसला. दक्षिणेची वाट बंद झाली.

त्यानंतर सुमारे अडीच महिने दोन्ही सैन्यं पानिपतला समोरासमोर होती. ही लढाई आपण १४ जानेवारी १७६१ या एका दिवसाची मानतो. खरी लढाई त्या अडीच महिन्यांत झाली आणि ती दाण्यावर झाली. मराठ्यांच्या छावणीत लढणाऱ्यांहून बुणगे, बायका-मुलं आणि काशी-प्रयागच्या आशेनं आलेले यात्रेकरू जास्त होते. खाणारी तोंडं वाढलेली आणि आणणारे हात कमी. अब्दालीला दुआबातून, नजीबखानाच्या मुलखातून धान्य येत होतं. ते तोडायचं काम गोविंदपंत बुंदेल्यांवर होतं. डिसेंबरमध्ये त्यांच्यावर अचानक छापा पडला आणि ते मारले गेले. अब्दालीच्या रसदेची वाट मोकळी झाली.

मराठ्यांची वाट मात्र रोज आवळत गेली. वैरण आणि सरपण आणायला निघणाऱ्या टोळीला त्या काळी 'कही' म्हणत. कहीवर गेलेला माणूस परत येईल याची खात्री उरली नाही. अशाच एका रात्री बाहेर पडलेले हजारो बुणगे कापले गेले. जानेवारीच्या सुरुवातीला दिल्लीहून रोकड घेऊन निघालेली एक तुकडी धुक्यात वाट चुकून थेट अफगाणांच्या छावणीत शिरली. पैसाही गेला, माणसंही गेली. अखेरीस लोक भाऊंच्या डेऱ्यापाशी जमले. दोन दिवस पोटात अन्न नाही, असं मरण्यापेक्षा लढून मरू, असं म्हणाले. उरलंसुरलं धान्य वाटलं गेलं आणि पहाटे सैन्य बाहेर पडलं.

आम्ही रोजे धरतो. दिवसभर उपाशी राहणं काय असतं ते ठाऊक आहे. पण आमच्या उपासाला मगरिबची वेळ ठरलेली असते. सूर्य मावळला की खजूर हातात येणार, हे पहाटेच माहीत असतं. पानिपतच्या उपासाला मगरिब नव्हती. अशा पोटानं ती माणसं दुपार टळेपर्यंत लढली. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी आणि पलटणींनी सकाळी रोहिल्यांची फळी मोडत आणली होती. दुपारनंतर विश्वासराव पडले आणि सगळं कोसळलं. इब्राहिमखान पकडला गेला आणि मारला गेला. जिंकलेल्या अब्दालीलाही भुकेनं आणि थकलेल्या पगारानं सोडलं नाही. शिपाई पगारासाठी गलका करू लागले, आणि मार्चमध्ये तो परत फिरला.

त्या संहारातून जे थोडे वाचले, त्यांतल्या दोघांची गोष्ट पुढं न्यायची आहे. एक अठरा वर्षांचा पोरगा, आई आणि बायकोला घेऊन त्या छावणीत राहिलेला. आई त्या पळापळीत हरवली ती कायमची. हे नाना फडणीस. दुसरे महादजी शिंदे. पाठलागात एका अफगाण स्वारानं त्यांचा पाय कायमचा जायबंदी केला आणि मेले समजून तो निघून गेला. त्यांना उचललं एका भिस्त्यानं. भिस्ती म्हणजे कातड्याच्या पखालीतून पाणी वाहणारा. राणेखान त्याचं नाव. त्यानं त्यांना बैलावर घातलं आणि दक्षिणेपर्यंत आणलं. महादजींनी त्याला पुढं भाई मानलं आणि आपल्या फौजेचा सरदार केलं. लष्कराचं पाणी वाहणारा हा माणूस कुठल्याही पटावर नसतो. बुद्धिबळात त्याला घर नाही.

आता दुसरा डाव. त्याची सुरुवात आमच्या दारातच झाली. कळव्याच्या पुलावरून खाडी ओलांडली की ठाण्याचा किल्ला लागतो. आज तिथं तुरुंग आहे. पोर्तुगीजांकडून तो १७३७ साली मराठ्यांनी घेतला होता. मुंबईकर इंग्रजांचा मात्र साष्टीवर फार दिवसांपासून डोळा. त्यांचं बेट चिमुकलं, स्वतःपुरतं धान्यही तिथं पिकत नसे. समोर साष्टीची भातखाचरं दिसत. १७७४च्या डिसेंबरात त्यांनी ठाण्याच्या किल्ल्यावर हल्ला करून तो घेतला. पुढच्या मार्चमध्ये राघोबादादांशी सुरतेला तह केला आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं.

राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला १७७८च्या शेवटी मुंबईहून फौज निघाली. माणसं सुमारे चार हजार, आणि त्यांचं सामान ओढायला बैल एकोणीस हजारांच्या आसपास! पनवेलवरून बोरघाट चढून ही वरात मुंगीच्या पावलानं खंडाळ्याकडून पुण्याकडे सरकू लागली. पुण्यात कारभार नाना फडणीसांच्या हाती, आणि समोर फौजेत महादजी शिंदे. सोबत तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके.

ज्यांनी पानिपतला दाण्यासाठी माणसं मरताना पाहिली होती, त्यांनी समोरासमोर मोठी लढाई दिलीच नाही. इंग्रजांना पुढं येऊ दिलं. बाजूनं टोळ्यांनी टोचत राहिले. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला, ज्याला आपले लोक 'इष्टुर फाकडा' म्हणायचे. आणि इंग्रजांच्या वाटेवरचा दाणा-वैरण आधीच नाहीसा केला. ९ जानेवारी १७७९ रोजी इंग्रज तळेगावला पोचले तेव्हा गाव जळालेलं होतं. पुढं चिंचवड, आणि वेळ आलीच तर पुणंसुद्धा पेटवायची तयारी असल्याची खबर त्यांना लागली.

इथं एक बारकावा आहे. इंग्रजांजवळचा शिधा तेव्हा संपलेला नव्हता, अजून काही दिवस पुरला असता. संपला होता तो पुढं मिळेल हा भरवसा. बैलांना वैरण नाही, मागची घाटवाट तुटायच्या बेतात, आणि समोर राख. दोन दिवसांत त्यांचं अवसान गळालं. ११ तारखेच्या रात्री अवजड तोफा तळ्यात ढकलून फौज माघारी निघाली आणि वडगावला घेरली गेली. त्याच महिन्यात वडगावचा करार झाला. १७७३पासून घेतलेला सगळा मुलूख, म्हणजे आमची साष्टीही, परत द्यायचं इंग्रजांनी कबूल केलं.

नंतर त्यांनी तो करार मानला नाही, युद्ध लांबलं, आणि १७८२च्या सालबाईच्या तहात साष्टी अखेर इंग्रजांकडेच राहिली. ते असो. वडगावला मात्र विजय आपला होता, आणि तो तलवारीपेक्षा रिकाम्या कोठारांनी मिळवला होता.

भाचा खूश झाला. म्हणाला, "म्हणजे जाळणं बरोबर होतं ना, मामू?"

मी म्हटलं, थांब. तळेगाव कुणाचं होतं?

ते शत्रूचं नव्हतं, आपलंच होतं. जानेवारीचा महिना म्हणजे कोठारात धान्य भरलेलं आणि गवताच्या गंजी रचलेल्या. दाणा-वैरण जाते तेव्हा शत्रूच्या बैलांबरोबर गावचे बैलही उपाशी राहतात. पुढच्या पेरणीला ते लागणार असतात. खेळात या गोष्टीचा दंड म्हणून एक आकडा लाल होतो आणि काही वर्षांनी पुन्हा हिरवा होतो. खरा दंड कुणब्याच्या घरात वसूल होतो, आणि त्याला डावात हात नसतो.

आपल्याकडे हे फार आधी ओळखलेला एक राजा होऊन गेला. चिपळूणजवळ तळ देऊन असलेल्या आपल्या घोडदळाला शिवाजी महाराजांनी १६७०च्या दशकात लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा मतलब असा : पावसाळ्यासाठी जमवलेला दाणा आणि गवत आत्ताच मन मानेल तसं उधळाल, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल. कुणी दाणे आणील, कुणी भाजी, कुणी लाकूडफाटा. तेव्हा कुणब्यांना वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. त्या पत्रात उंदरांचीही काळजी आहे. रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर पेटती वात गवतात नेतील, आणि सगळी वैरण खाक होईल. मोठमोठ्या सैन्यांच्या हालचाली आखणारा राजा उंदरापर्यंत विचार करतो, कारण त्या गंजीच्या पलीकडे रयतेचं दार आहे हे त्याला दिसतं.

नाना आणि महादजींचा निर्णय चुकला असं मला म्हणायचं नाही. समोर शत्रू, मागे राजधानी, आणि डोळ्यांसमोर पानिपत. मी कवी माणूस. आरामखुर्चीत बसून त्यांना शहाणपण शिकवणं मला शोभणार नाही. पण ती भूक स्वतः सोसलेल्या माणसांना गाव जाळण्याची किंमत नक्की माहीत असणार, आणि ती माहीत असूनही त्यांना ती मोजावी लागली. युद्धाचं खरं क्रौर्य मला इथं दिसतं. भाच्याला मी एवढंच सांगितलं की बटण दाबायचं असेल तर दाब, पण दाबताना तिथं कोण राहतं ते आठव.

त्यानं बटण दाबलं की नाही, ते मी पाहिलं नाही. घरातून जेवायला हाक आली होती.

लोणावळ्याहून पुण्याच्या लोकलमध्ये बसलात तर वाटेत वडगाव लागतं. महादजींच्या विजयाचा स्तंभ त्या गावात आहे. अवश्य उतरून पाहा. मात्र उतरला नाहीत, तर पुढचं स्टेशन तळेगाव आहे. गाडी तिथं थांबते. तेवढ्या वेळात खिडकीतून जरा बाहेर पाहा. त्या विजयाची किंमत त्या गावानं चुकती केली होती.